मॅग्नम काडतूस म्हणजे काय? रायफलचा परवाना असला की शिकार करता येते का, काडतूस घरी भरता येतं का?

डिसेंबर २०१७. चाळीसगाव तालुक्यात कापूस वेचणीचे दिवस होते, पण गिरणा काठच्या गावांमध्ये सकाळी एकटं शेतात जायला कुणी तयार नव्हतं. एका बिबट्याने काही आठवड्यांत अनेक बळी घेतले होते. त्यात शेतात काम करणाऱ्या बायका होत्या, लहान मुलं होती. पिंजरे लावून झाले, कॅमेरे लावून झाले, बिबट्या काही सापडत नव्हता. शेवटी वनविभागाने हैदराबादचे शिकारी नवाब शफात अली खान यांना बोलावलं आणि ९ डिसेंबरच्या रात्री वरखेडे परिसरात तो बिबट्या गोळी घालून ठार करण्यात आला.

याच काळात आणखी एक गोष्ट गाजली. तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन हातात पिस्तूल घेऊन बिबट्याच्या मागावर निघाल्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. त्यावर टीका झाली, विनोदही झाले. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे राहिला. एखाद्याकडे परवान्याची बंदूक आहे, समोर जीव घेणारं जनावर आहे, तर त्याला गोळी घालायचा अधिकार नेमका कुणाला असतो?

हा प्रश्न आता वेगळ्या वाटेने पुन्हा येतोय. मोबाईलवर अमेरिकेतले, आफ्रिकेतले शिकारीचे व्हिडिओ सहज दिसतात. गॅरेजमध्ये बसून कुणीतरी ‘मॅग्नम’ रायफलची काडतुसं स्वतः भरतो आणि दुसऱ्या दिवशी जंगलात जातो. तिकडे हा छंद आहे. इकडे तेच केलं तर काय होईल? आधी वस्तू समजून घेऊ, मग कायदा.

काडतुसात असतं काय?

बोलताना आपण ‘गोळी’ म्हणतो ते बहुतेक वेळा काडतूस असतं. गोळी हा त्याचा फक्त पुढचा भाग. एका काडतुसात चार गोष्टी असतात: पितळेचं नळकांडं म्हणजे केस, तिच्या बुडाशी बसवलेली छोटी प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की पिन प्रायमरवर आदळते, प्रायमरची ठिणगी दारूला लागते, दारू क्षणात जळून वायू होते आणि तो वायू गोळीला नळीतून पुढे ढकलतो. पितळ त्या दाबाने फुगून नळीच्या मागच्या पोकळीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. बार झाला की ते पुन्हा किंचित आकसतं, म्हणून रिकामी केस बाहेर काढता येते. हे फुगणं आणि आकसणं लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग मॅग्नम म्हणजे?

लॅटिनमध्ये मॅग्नम म्हणजे मोठं. शॅम्पेनची दीड लिटरची मोठी बाटलीही मॅग्नमच, आणि बंदुकीच्या जगात हा शब्द तिथूनच आला असं सांगतात. अर्थ सरळ आहे: त्याच जाडीच्या गोळीमागे नेहमीपेक्षा जास्त दारू. हे कुठलं प्रमाणित माप नाही, कंपन्यांनी दिलेलं नाव आहे.

या नावातलं सगळ्यात प्रसिद्ध काडतूस म्हणजे .३७५ एच अँड एच मॅग्नम. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने ते १९१२ मध्ये आणलं. .३७५ हा गोळीचा व्यास, इंचात. तिची नेहमीची जड गोळी ३०० ग्रेनची असते. ग्रेन हे धान्याच्या दाण्यावरून आलेलं जुनं माप, आपल्या गुंजेच्याच जातीचं. ३०० ग्रेन म्हणजे साधारण १९.४ ग्रॅम. जळगावच्या सराफ बाजाराच्या भाषेत जवळपास दोन तोळे! एवढं वजन सेकंदाला सुमारे ७६० मीटर वेगाने, म्हणजे आवाजाच्या दुपटीहून जास्त वेगाने सुटतं.

तुलनेसाठी, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं, त्या ५० मीटर रायफलमध्ये .२२ चं काडतूस वापरतात. त्याची गोळी २.६ ग्रॅमची आणि ऊर्जा सुमारे १४० ज्यूल. .३७५ मॅग्नमची ऊर्जा साडेपाच हजार ज्यूलच्या पुढे, म्हणजे चाळीसपट. रानगवा किंवा हत्तीसारख्या जनावरासाठी बनवलेली ही वस्तू आहे. आफ्रिकेतल्या अनेक देशांत धोकादायक प्राण्यांच्या शिकारीसाठी .३७५ ही किमान मर्यादा मानली जाते.

या काडतुसाची केस पाहिली तर दोन गोष्टी डोळ्यात भरतात. ती लांब आणि पुढे निमुळती होत जाते, आणि बुडाजवळ पितळेचं एक जाड कडं असतं. त्याला बेल्ट म्हणतात. केस इतकी उताराची आहे की नळीत ती नेमकी कुठे थांबायची हे ठरवायला काहीतरी आधार हवा. तो आधार हे कडं देतं.

निमुळतेपणाचं कारण मात्र थेट आपल्या हवामानाशी जोडलेलं आहे. त्या काळी इंग्रज काडतुसांत कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू भरत. लांब शेवयांसारख्या काड्या असत त्या. ही दारू तापली की जास्त वेगाने जळते आणि दाब वाढतो. इंग्लंडच्या गारठ्यात व्यवस्थित चालणारं काडतूस भुसावळच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या पुढे तापलेल्या रायफलमध्ये, केस नळीत अडकवून ठेवू शकतं. आणि समोर जखमी वाघ असताना रिकामी केस बाहेर येत नसेल तर हातातली रायफल लाठीइतकीच उपयोगी. म्हणून उष्ण देशांसाठीच्या काडतुसांत केस मोठी आणि दाब बेताचा ठेवला जाई. निमुळती केस अडकत नाही, पटकन सुटते.

भारतातली काडतुसं वेगळी का आहेत?

इथे कथेत कायदा पहिल्यांदा येतो. १९०७ च्या सुमारास ब्रिटिश सरकारने भारतात .४५० मापाच्या रायफली आणि काडतुसं आणायला बंदी घातली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलचं माप .४५० होतं. शिकाऱ्यांच्या नावाने आलेल्या गोळ्या बंडखोरांच्या हातातल्या रायफलींत जातील ही भीती होती. मग इंग्रज बंदूक कंपन्यांनी काय केलं? माप जरासं बदललं. .४६५, .४७०, .४७५ अशी काडतुसं त्यातून पुढे आली. वाघ-हत्तीच्या शिकारीच्या पुस्तकांत जी मापं सारखी भेटतात, त्यांतली काही जनावर पाहून ठरलेली नाहीत, कायदा पाहून ठरलेली आहेत.

हेच धोरण आजही आहे. सैन्याची मापं सामान्य माणसाला मिळत नाहीत, त्यांना ‘प्रोहिबिटेड बोअर’ म्हणतात. .३०३ बंद, म्हणून भारतात .३१५ रायफल रुजली. जुन्या ऑस्ट्रियन मानलिकर काडतुसावर बेतलेलं हे माप इंग्रजांनी आणलं आणि स्वातंत्र्यानंतर बंगालच्या ईशापूर कारखान्याने ती रायफल नागरिकांसाठी बनवली. तिची काडतुसं पुण्याच्या खडकीची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. .३१५ च्या काडतुसाच्या बुडावर ‘केएफ’ अशी इंग्रजी अक्षरं दिसतात, ती किर्की फॅक्टरीची, म्हणजे खडकीची.

आणि जळगाव जिल्ह्यात? भुसावळहून नागपूरकडे जाणारी गाडी पकडली की थोड्याच वेळात वरणगाव येतं. इथला आयुध कारखाना १९६४ पासून सैन्यासाठी रायफलीची काडतुसं बनवतो. ऑक्टोबर २०२१ पासून खडकी आणि वरणगाव हे दोन्ही कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आहेत. म्हणजे काडतूस भरण्याचं काम खानदेशात रोज चालतं, फक्त ते कारखान्याच्या भिंतीआड, प्रत्येक लॉटची चाचणी घेऊन चालतं.

खानदेशात शिकार किती होती?

प्रचंड. १८१८ नंतर खानदेश इंग्रजांकडे आला तेव्हा सातपुडा तर सोडाच, तापी-गिरणेच्या खोऱ्यातही झाडी दाट होती आणि वाघ गावांच्या शेजारी होते. १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्ल कोअर उभी केली, धरणगाव हे तिचं ठाणं. हाच आउट्रम पुढे १८५७ मध्ये लखनौला गाजला. फ्रेडरिक गोल्डस्मिड यांनी १८८० मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्रात खानदेशातला हिशोब दिलाय: १८२५ ते १८३४ या काळात त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी २३५ वाघ मारले. त्यातले ४४ तो हजर नसताना. उरलेले १९१. दहा वर्षांत, एका जिल्ह्यात!

त्या काळात मॅग्नम नव्हतं, पितळेची केसही नव्हती. ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी, गजाने ठासायची. म्हणजे प्रत्येक बार हातानेच भरलेला असे आणि तो चुकला तर दुसरा भरेपर्यंत वाघ वाट पाहत नसे. हाकारे घालणारे, माग काढणारे भिल्ल होते. शिकारीचं श्रेय साहेबाच्या नावावर आणि जखमी वाघाच्या झाडीत सगळ्यात आधी शिरणारे मात्र हे. चरित्रांत त्यांची नावं क्वचितच सापडतात.

पुढे शेती वाढली, जंगल आकसलं, बंदुका सुधारल्या. आज जळगाव जिल्ह्यात वाघाचा माग घ्यायचा तर मुक्ताईनगर तालुक्यातल्या वढोदा-डोलारखेडा भागात जावं लागतं. तिथले वाघ जंगलातून बाहेर येऊन केळीच्या बागांत थांबतात, कारण बागेत सावली, गारवा आणि पाणी आहे.

हँडलोडिंग म्हणजे काय आणि लोक ते का करतात?

आता त्या व्हिडिओकडे येऊ. काडतुसातले चार भाग आठवा. बार झाल्यावर गोळी गेली, दारू जळली, प्रायमर फुटली. केस मात्र शाबूत राहते आणि चौघांत महागडी तीच असते. ती स्वच्छ करून, साच्यात दाबून मूळ मापाला आणायची, नवी प्रायमर, मोजून दारू, नवी गोळी. झालं काडतूस. याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात. (.२२ ची केस अशी भरता येत नाही, कारण तिच्यात वेगळी प्रायमर नसते. पेटणारा मसाला बुडाच्या काठातच ओतलेला असतो.)

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी हे करायला केंद्रीय कायद्याने वेगळा परवाना लागत नाही. पैसे वाचतात, आणि प्रत्येक रायफलला नेमकी कुठली गोळी, किती दारू मानवते हे शोधण्यात लोकांची वर्षं जातात. पण खरं कारण अनेकदा तिसरंच असतं: जुन्या मॅग्नम मापांची तयार काडतुसं सहज मिळत नाहीत. हे कारण भारतातही लागू आहे. संस्थानिकांच्या, जमीनदारांच्या, जुन्या शिकारी घराण्यांच्या कपाटांत अशा रायफली अजून आहेत. बंदुका-काडतुसांच्या आयातीवर अनेक दशकांपासून कडक निर्बंध आहेत. रायफल आहे आणि गोळी नाही, अशा माणसाला मोह होणं समजू शकतं.

मोह समजला तरी धोका बदलत नाही. दारू दिसायला सारखी असली तरी जळायचा वेग वेगळा असतो. चुकीची दारू, दोनदा पडलेलं माप, किंवा थंडीत बरोबर बसलेलं माप उन्हाळ्यात वापरणं, यातलं काहीही बंदूक फोडू शकतं. ती फुटते तेव्हा चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि मागून दुसरी आली की परिणाम तोच. बेल्टवाल्या मॅग्नमची आणखी एक खोड आहे. केस प्रत्येक बाराला फुगते-आकसते हे वर पाहिलं. पुन्हापुन्हा भरली की कड्याच्या जरा पुढे पितळ आतून पातळ होत जातं आणि एक दिवस केस तिथेच तुटते. बाहेरून पाहणाऱ्याला आधी फार तर एक फिकट रेघ दिसते. यात प्रमाणं, ग्रेनचे आकडे आम्ही मुद्दाम देत नाही. का, ते पुढच्या भागात.

भारतात काडतूस घरी भरता येतं का?

साध्या परवान्यावर नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे. तिच्यात तयार काडतूस तर येतंच, शिवाय काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा येते. म्हणजे कुणी परदेशातून येताना नुसतं भरणीचं यंत्र बॅगेतून आणलं, तरी कायद्याच्या नजरेत तो दारूगोळा ठरू शकतो. कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो आणि तो आपल्याकडच्या बंदूक बाळगण्याच्या परवान्याहून पूर्ण निराळा आहे. तुमच्या परवान्यावर किती काडतुसं घेता येतील हे लिहिलेलं असतं. ती अधिकृत दुकानातून घ्यायची, एवढाच त्याचा अर्थ.

डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा शस्त्र किंवा दारूगोळा बनवण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल जन्मठेप आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणाऱ्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली. जळगाव-धुळ्याच्या पोलिसांना हा कायदा चांगलाच तोंडपाठ आहे. चोपड्याला लागून मध्य प्रदेशच्या हद्दीत असलेल्या उमर्टीचं नाव गावठी कट्ट्यांच्या कारवायांत वर्षानुवर्षं येत आलंय. अशा भागात घरात सापडलेला दारूचा डबा ‘छंद’ म्हणून समजावून सांगणं किती सोपं जाईल, याचा अंदाज तुम्हीच बांधा.

आणि शिकार?

बंदुकीचा परवाना गृहखात्याचा विषय आहे, शिकार वनखात्याचा. एकाचा कागद दुसऱ्याकडे चालत नाही. इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली १९७० मध्ये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बाकीच्या प्राण्यांनाही संरक्षण दिलं, पण काही प्राण्यांसाठी शिकारीचे परवाने तरीही मिळत होते. ते परवाने १९९१ च्या दुरुस्तीने संपले. घरातले आजोबा १९७२ नंतरच्या शिकारीचे किस्से सांगत असतील तर ते खोटं बोलतायत असं लगेच समजू नका. आज कलम ९ ची बंदी सरसकट आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी, म्हणजे वाघ, बिबट्या, मारला तर ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. यावल (१९६९) किंवा अनेर धरण (१९८६) अशा अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन नुसतं शिरणंही गुन्हा आहे.

एकच दार उघडं आहे, कलम ११ चं. प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणं लिहून त्याला मारण्याचा आदेश देऊ शकतात. पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत आधी त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा हलवणं शक्य नाही याची खात्री व्हावी लागते. कायद्यात ‘नरभक्षक’ हा शब्द नाही, तो बातम्यांचा शब्द आहे. वरखेड्याला वाजलेली गोळी या दारातून गेली होती. तिथे महत्त्वाची होती ती आदेशाची सही, रायफल कुणाची होती हे त्यानंतर. असा प्राणी मेल्यावर सरकारची मालमत्ता होतो. कातडं, नख, सुळा, काहीच कुणाला ठेवता येत नाही.

स्वतःचा जीव वाचवताना? बिबट्या अंगावर आला आणि सद्भावनेने केलेल्या बचावात तो मेला तर तो गुन्हा नाही, असं याच कलमात म्हटलंय. अट एक: त्या क्षणी तुम्ही दुसरा गुन्हा करत असता कामा नये. चोरून शिकारीला गेलेल्या माणसाला हे संरक्षण नाही.

खानदेशातल्या शेतकऱ्याचा खरा वैरी मात्र बहुतेक वेळा बिबट्या नसतो. रोही आणि रानडुक्कर असतात. एका रात्रीत मका आडवा करतात. महाराष्ट्रात पिकांची नासधूस करणाऱ्या या दोन प्राण्यांसाठी वनविभागाकडे अर्ज करून पारध परवाना मागता येतो. तो मिळेपर्यंत पीक उभं राहील का, हा शेतकऱ्यांचा सवाल रास्त आहे. कंटाळून काही जण कुंपणात वीज सोडतात किंवा डुकरांसाठी गावठी बॉम्ब ठेवतात. त्यात डुकराबरोबर गाय, कुत्रा, कधी शेजारचा माणूस मरतो आणि गुन्हे दोन-तीन कायद्यांखाली लागतात. नुकसान झालं तर आधी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या, भरपाईचा अर्ज त्यावर उभा राहतो.

घरात जुनी रायफल किंवा काडतुसं सापडली तर?

माळा आवरताना आजोबांच्या ट्रंकेत काडतुसांचा डबा निघतो, असं अनेक घरांत होतं. वापरून बघू नका, घासून चमकवू नका, उन्हात ठेवू नका. जुन्या दारूचं काय झालंय हे बाहेरून कळत नाही. परवानाधारक वारल्यावर शस्त्र आणि काडतुसं विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची, असं शस्त्र अधिनियमाचं कलम २१ सांगतं. पावती घ्या. मग २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे कायदेशीर वारसाला त्या शस्त्रासाठी स्वतःच्या नावाने परवाना मागता येतो. परवानाधारक हयात असून वय ७० च्या पुढे असेल किंवा शस्त्र २५ वर्षं त्याच्याकडे असेल, तरी वारसासाठी अर्ज करता येतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात, पोलीस आयुक्तालय असेल तिथे आयुक्तांकडे. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे तो जिल्हाधिकाऱ्यांकडेच जातो.